कोटाच्या खिशातली ओळ

माझ्या लेकीने दीड महिना माझ्याशी अबोला धरला होता, आणि चूक सगळी माझी होती. तिसरीपर्यंत ती अंथरूण ओलं करायची, त्यावर मी कविता केली. रविवारच्या पुरवणीत ती छापूनही आली. शेजारणी म्हणाल्या, किती गोड! लेकीच्या वर्गातल्या कार्ट्यांनी तर ती तोंडपाठ केली.

"माझ्यावर एक अक्षर लिहायचं नाही," ती म्हणाली. मी तिची शपथ घेतली.

पण सवय कुठली सुटते! मी गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतते. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडतात, आणि मेल्या ओळी नेमक्या तेव्हाच सुचतात. मग मी त्या खिशांच्या कापडावर खडूने लिहायचे. आमचा खडू इस्त्री फिरली की नाहीसा होतो. म्हणजे लिहून मोकळं व्हायचं आणि शपथही शाबूत, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पेन आमच्याकडे फक्त मापाचा आकडा टाकायला. लेकीच्या शाळेचे कोटही आमच्याच कारखान्यात होतात; तिचा कोट बेतला त्या दिवशी मी अकरा तास उभी होते. खिशाच्या तुकड्यावर आकडा टाकला आणि पेन हातात तसंच राहिलं. कळलं ते चार दिवसांनी.

"ताई, तुमच्या पोरीच्या खिशावरची ती ओळ काही गेली नाही हो. चारदा इस्त्री फिरवली," इस्त्रीवाली मावशी सहज म्हणाली.

कोट घालून लेक केव्हाची शाळेत गेली होती. आता ही पोर कायमची तुटली, असं वाटलं. खरं सांगते, भीतीइतकाच कंटाळाही आला. पुन्हा माफी मागायचीही ताकद नव्हती.

संध्याकाळी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने कोटाचा खिसा बाहेर ओढला. बिस्किटाचा चुरा खाली सांडला. निळ्या शाईत माझंच अक्षर:

*दार आपटून आत गेलीस, बाई माझे,*
*दमलेल्या आईकडे वळून कोण बघतं?*

"अगं, ते चुकून..." मी सुरुवात केली.

"खोटं आहे हे."

"चुकूनच गं, पेन हातात—"

"ते नाही. ही ओळ खोटी आहे. मी वळले होते. दार उघडून बाहेरही आले होते. तू भांडी घासत होतीस, पाठमोरी."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तू दमलेली दिसत होतीस."

"कधी आली होतीस?"

"तीनदा," ती म्हणाली. खिसा आत सारून तिने कोट खुंटीला लावला, आणि बाहीने नाक पुसत सिंकमधली भांडी घासायला घेतली. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. मग तिला हाक मारली.