ओ येईपर्यंत

"बाई, माझ्या जागी घ्याल तो हाक मारणारा घ्या," शिडी खांद्यावर घेत म्हातारा वायरमन म्हणाला. महिनाअखेरीला तो निवृत्त होणार होता.

"काका, अर्जात तसा रकाना नाही," असं म्हणून ती मुलाखतीच्या खोलीत शिरली. पाळणाघरातून दोनदा फोन आला होता. लेकीला कणकण होती.

पहिला उमेदवार पन्नाशीचा, कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेला. साहेबांनी ठेवणीतलं कोडं घातलं. बंद खोलीत एक दिवा, बाहेर तीन बटणं. आत एकदाच जायचं. दिव्याचं बटण कुठलं?

"आत कोण आहे?" त्याने विचारलं.

"कोणी नाही हो."

"हाक मारून बघितलंत?"

"आम्हाला वायरमन पाहिजे, दवंडीवाला नको," साहेब म्हणाले.

तीही हसली, घड्याळाकडे बघत. त्याने दाखले एकेक करून पिशवीत परत घातले. कडा जुळेनात, तशा पुन्हा जुळवल्या.

"दार ओढून घेऊ का?"

तिने मान न उचलता हो म्हटलं.

दुसऱ्या तरुणाला उत्तर पाठ होतं. पहिलं बटण दहा मिनिटं चालू ठेवायचं, मग बंद करायचं, दुसरं लावून आत जायचं. दिवा पेटलेला तर दुसरं, विझलेला पण गरम तर पहिलं, गार तर तिसरं. तिने त्याच्या नावापुढे खूण केली आणि चारच्या आत पाळणाघर गाठलं.

निवृत्तीला दोन दिवस उरले होते. म्हातारा तळघरातल्या खोलीत शिडीवर चढून दिव्याची वायर जोडत होता. बाहेर नवा माणूस बटणं तपासत होता.

"तिसरं दाबलं तरी दिवा लागेना, म्हणून आत गेलो," तो नंतर तिला सांगत होता. मग थांबून म्हणाला, "काका गरमच होते, मॅडम."

हल्ली न्हाणीघराचा दिवा लावायच्या आधी ती लेकीला हाक मारते. लेकीला तो खेळ वाटतो. ती मुद्दाम गप्प बसते. हिचं बोट बटणापाशी तसंच राहतं.

तुमच्याही घरात पलीकडच्या खोलीत कोणीतरी असेल. वाचन बाजूला ठेवून एक हाक मारून बघा. ओ येईपर्यंत थांबा.