फोटोपुरती वाडगी

नायलॉनचा धागा धामणीच्या खवल्यांच्या दोन ओळींमध्ये रुतला होता. कातडी अजून फाटली नव्हती. मात्र धाग्याच्या पुढचं अंग फुगलं होतं, मागचं सैल पडलं होतं. जाळीत घुसलेल्या सापाला मागे फिरता येत नाही, खवले अडतात. ही पहाटेपासून पुढेच ओढत राहिली होती.

ज्ञानेश्वरी चिकूखाली उकिडवी बसून पाहत होती. जामखेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली होती. धामण बिनविषारी, हे तिने निम्म्या तालुक्याला पढवलं होतं. घरात मात्र ते कुणी शिकलं नव्हतं.

जाळी तिच्या दिराची. रंगनाथ वन्यजीवप्रेमी मंडळाचा अध्यक्ष होता. पद मिळालं त्या दिवसापासून त्याचं प्रेम सुरू झालं होतं. पाखरांनी चिकू खाऊ नयेत म्हणून झाडाला जाळी, आणि शेजारच्या भिंतीवर त्याच पाखरांसाठी प्लास्टिकची वाडगी, प्रत्येक वाडग्यावर स्वतःचं नाव. फोटो निघाला की पुढच्या फोटोपर्यंत ती कोरडी. टँकरचं पाणी जीप धुवायला पुरे, वाडग्यांना पुरत नसे. सातभाई, खारी, मुंगूस पाणी पीत ते ज्ञानेश्वरीच्या मोरीचं. भांडी विसळलेलं पाणी ती चिकूच्या आळ्यात सोडायची, तिथे दगडाच्या सावलीला ओल टिकायची. धामण तिकडेच निघाली होती.

ही बागही रंगनाथला नकोच होती. थोरला भाऊ गेल्यापासून तो तिच्यामागे लागला होता, सगळीकडे फरशी घालू, जीपला शेड करू. ती दर वेळी ‘बघू’ म्हणायची. घर एकत्र होतं, आणि विधवा भावजयीने घर फोडलं हे तिला ऐकून घ्यायचं नव्हतं.

ती कात्री घेऊन आली तेव्हा रंगनाथ ओट्यावर उभा होता. खाली उतरायची त्याची छाती नव्हती.

“वहिनी, हात लावू नका. मंडळाची पोरं खर्ड्याहून निघाल्यात कॅमेरा घेऊन. सुटकेचा फोटो पायजे.”

एवढं बोलून तो टोपी शोधायला आत गेला.

“सापाला म्हनावं, थांब जरा,” त्याची बायको चांगुणा खिडकीतून म्हणाली. “अध्यक्ष टोपी घालत्यात.”

ज्ञानेश्वरीने डाव्या हाताने धामणीची मान धरली आणि एकेक धागा कापत गेली. शेवटचा तुटला तशी धामण क्षणभर निपचित राहिली, मग ओल्या दगडाकडे सरकू लागली.

रंगनाथ टोपी घालून बाहेर आला. आधी त्याला जाळीचं भोक दिसलं. जाळी नवी होती, तो म्हणाला. पोरांना आता काय दाखवायचं? मग त्याला दगडाखाली शिरणारी शेपटी दिसली आणि तो उंबऱ्याआड झाला.

“म्हनून म्हनतोय वहिनी, फरशीच टाकू. साप न्हाई, किडा न्हाई. आठवड्यात मिस्त्री लावतो.”

ज्ञानेश्वरीने कात्री पदराला पुसली. चांगुणा खिडकीत होती, ऐकत होती. ऐकू दे.

“भावजी, वाटणी करून घेऊ. बाग माझ्याकडे राहील. वाडगी तुम्ही न्या.”