हेब्बाळचा चढ

बंगळूरच्या हेब्बाळ फ्लायओव्हरवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असताना, चढावर हँडब्रेकला हात न लावता गाडी जागच्या जागी धरून ठेवणं, याला मी ड्रायव्हिंग म्हणतो. अर्धा क्लच, थोडा ॲक्सिलरेटर, आणि गाडी तसूभर मागं येत नाही. बेचाळीस वर्षं मी अशीच चालवली. हँडब्रेक शिकाऊ लोकांसाठी असतो, हे आमच्या घरातलं वेदवाक्य.

त्यामुळे गाडीनं दगा द्यायला सुरुवात केली तेव्हा मला तो माझाच अपमान वाटला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, पण गाडी वेग घ्यायची नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं. मुलगा श्रीहरी तर वाटच बघत होता. बारा वर्षांची गाडी आणि एकाहत्तर वर्षांचे अप्पा, दोघांनीही आता विश्रांती घ्यावी, असं तो जेवताना म्हणाला. रविवारी गिऱ्हाईक यायचं ठरलं. ही गेली की दुसरी गाडी माझ्या हाती कोणी देणार नव्हतं. ते मला कळत होतं आणि सहन होत नव्हतं.

आमची सून मुग्धा पुण्याची. व्हाइटफील्डच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते आणि त्याचा तिला पगार मिळतो, याचं मला कायम नवल वाटत आलंय. तिनं श्रीहरीला विचारलं, गॅरेजवाल्यानं गाडी चालवून पाहिली होती का? नव्हती. मग गिअरबॉक्स गेल्याचं त्याला कळलं कसं? श्रीहरी आमटी वाढून घेऊ लागला.

"अप्पा, आधी नीट लक्षणं लिहू, मग डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत गाडी माझ्याकडे द्या."

लक्षणं लिहिली कुठं, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. एकादशीच्या चौकोनात 'सकाळी थंड असताना ठीक' असं आलं, तेव्हा कमला, म्हणजे माझी बायको, चांगलीच तडकली. पण मुग्धानं ऐकलं नाही. पुढच्या चौकोनांत 'ट्रॅफिकनंतर जास्त', 'चढावर जळका वास', 'सगळे गिअर अलगद पडतात, खरखर नाही' असं येत गेलं. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता, त्यावर तेलाचा एक थेंब नव्हता. मी शेजारच्या सीटवर बसून सूचना देत होतो. ती त्या ऐकून घ्यायची आणि आपलंच करायची.

शनिवारी सकाळी तिनं गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली. हँडब्रेक करकचून ओढला, ब्रेकवर पाय ठेवला, चौथा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडलं पाहिजे, म्हणाली. या परीक्षेत बंद पडणारा पास. आमचं इंजिन आरामात घुमत राहिलं.

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे अप्पा. क्लच झिजलाय."

मग तिची नजर माझ्या डाव्या पायाकडं गेली. शेजारी बसूनही तो पायपुसण्यावर अर्धा दाबलेला होता.

आम्ही तडक यलहंका रस्त्यावरच्या मंजण्णाच्या गॅरेजात गेलो. तिनं कॅलेंडरचं पान त्याच्या पुढ्यात ठेवलं. मंजण्णाला मराठी वाचता येत नाही, त्यानं ते माझ्याकडून समजून घेतलं, गाडी फिरवून आणली आणि गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही, क्लच बदलला की झालं, असं सांगितलं. वर तिला विचारलं, ऑफिस सोडून इकडं कामाला येतेस का? माझी छाती फुगली. चहावाल्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळ्यांना मी सांगत सुटलो, ही आमची सून. श्रीहरीनं गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणून कळवलं.

मंगळवारी गाडी आणायला गेलो, तर मंजण्णानं जुनी क्लचप्लेट हातात दिली. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी करपली होती. चढावर क्लचवर गाडी कोण धरतं, त्यानं विचारलं. अशानं नवीही जळेल.

"माझीच सवय," मुग्धा पटकन म्हणाली. "मी नवीन आहे ना."

माझी अब्रू वाचवायला पोर खोटं बोलली, आणि तेही ज्या माणसापुढं मी तिला मिरवलं होतं त्याच्यापुढं. मला आधी तिचा राग आला, मग माझा.

"स्वल्प थांब गं," मी म्हणालो. "मंजण्णा, हा माझा पाय आहे. बेचाळीस वर्षं अस्साच चुकतोय. चूक हिनं काढली की."

मंजण्णा फक्त 'सरी', म्हणजे बरं, म्हणाला आणि किल्ली पुढं केली. मुग्धानं ती घेतली आणि माझ्या हातात ठेवली.

परतताना हेब्बाळला व्हायचं तेच झालं. चढाच्या मधोमध गाड्या थांबल्या आणि मागं एक बस अगदी चिकटून उभी राहिली. डावा पाय सवयीनं अर्ध्यावर आला. मुग्धा खिडकीतून खालच्या तळ्याकडं बघत होती, काही दिसत नसल्यासारखी.

मी क्लच पुरता दाबला, गिअर काढला आणि हँडब्रेक ओढला. गाडी तसूभर मागं आली नाही.