उतारावरची कॉफी

"करवत कोणाकडे चाललीय?" नवऱ्याने खाटेवरून विचारलं.

"पलीकडच्यांकडे," ती म्हणाली आणि पेटलेली चूल उगाचच फुंकत बसली.

घरामागच्या उतारावर धाकटा दीर त्यांचीच कॉफीची झाडं तोडत होता. तिच्याच सांगण्यावरून.

नवऱ्याने उभा जन्म त्या झाडांपायी घालवला होता. टोपलीत एखादं हिरवट फळ दिसलं की त्याचं तोंड सुटे. तोडणीच्या बाया त्याला 'लालबुवा' म्हणून हसत, पण पिकलेलं लाल फळ तेवढंच खुडत. त्या हट्टामुळे व्यापारी त्यांचा माल इतरांच्या मालात मिसळत नसे. पाकिटावर या उताराचं नाव येई. पहिलं पाकीट आलं तेव्हा लालबुवाने ते फोडूही दिलं नाही; येईल त्याला नुसतं हुंगायला द्यायचा.

मग अर्धांगवायूने त्याची डावी बाजू गेली आणि पाठोपाठ झाडांवर तांबेरा आला. फवारणी झाली, छाटणी झाली, तरी पानं गळतच राहिली. झाडांचे नुसते खराटे उरले.

"वहिनी, नवी रोपं लावू. त्यांना रोग धरत नाही," दीर म्हणाला होता. "पण ती चव यायची नाही म्हणतो व्यापारी. आपला माल मग सगळ्यांच्यात जाणार."

"जाऊ दे."

"आणि दादाला?"

"मी सांगते."

सांगते म्हणाली खरी, पण जीभ रेटेना.

दुपारी भरवताना तो म्हणाला, "वर फुलं आली असतील."

"आलीत ना. पांढराशुभ्र झालाय उतार."

"मग वास कसा नाही?"

"वारा उलटा आहे."

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याने घास नको म्हणून मान फिरवली. चोरी पकडली गेल्यासारखी ती ताट घेऊन उठली.

संध्याकाळी दीर हातपाय धुऊन आत आला आणि रोजच्यासारखा खाटेच्या कडेला टेकला. बाह्या झटकायच्या राहिल्या होत्या. तिने डोळ्यांनी खुणावलं, तोवर उशीर झाला होता.

"दमलास?" नवऱ्याने विचारलं.

"थोडा."

"पलीकडच्यांची झाली सगळी तोडून?"

दिराने तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"झाली, दादा."

"नव्या रोपांवर सावली धरा म्हणावं त्यांना. कोवळी असताना ऊन सोसत नाही."

"सांगतो."

"आणि वरच्या अंगाला पाणी थांबत नाही. तिथे खड्डे खोल घ्या म्हणावं."

"घेतो," दीर बोलून गेला.

उजवा हात पुढे करून नवरा भावाच्या बाहीवरचा लाकडाचा भुसा चिमटीने वेचू लागला. कण बोटांतून निसटत होते. दीर हात न हलवता बसून राहिला.