जावळाच्या दिवशी पडलेली पोस्ट

विद्युलताबाईंची अट साधी होती. नातू पाळणाघरात राहील, सून चेन्नईच्या टोकाला, सिरुसेरीच्या ऑफिसात जाईल, सगळं कबूल. पण रोज दुपारी अनय काय जेवला त्याचा फोटो घरच्यांसाठी उघडलेल्या इन्स्टाग्राम खात्यावर पडला पाहिजे.

"ज्या दिवशी पडणार नाही ना, निधी, त्या दिवशी मी इथून, आवडीहून, बॅग घेऊन तुमच्या अड्यारच्या घरी येईन. कायमची."

तो 'कायमची' निधीच्या डोक्यात जाऊन बसला. सासू वाईट नव्हती. पण डबा कसा भरावा, फडकं कुठे वाळत घालावं, पोराला आधी कोणता मोजा चढवावा, यावर त्यांचं मत असे, आणि निधीचा दोन खोल्यांचा संसार इतकी मतं मावण्याएवढा ऐसपैस नव्हता.

शिवाय खरं सांगायची सोय नव्हती. अनय पाळणाघरात दहीभात खायचा. दहीभात, आणि फक्त दहीभात. रोज त्याचाच फोटो टाकला असता तर बॅग केव्हाच दारात आली असती.

मग निधीने पोस्ट आधीच लावून ठेवणारं एक ॲप शोधलं. फोटो, मजकूर आणि वेळ एकदा भरून द्यायची, की ते आपलं आपण टाकत बसतं. रविवारी तिच्या घरात शूटिंग चाले. हिरवा सदरा, मुगाची खिचडी, क्लिक. पिवळा सदरा, पालकाचं वरण, क्लिक. वाटी बदल, पडदा ओढ, भांग दुसरीकडे पाड.

"हा काय निवडणुकीला उभा आहे का गं?" क्षितिज विचारायचा.

"तूच सांग मग आईंना खरं काय ते."

की नवरा लगेच पडदा धरायचा.

चोरी सफाईदार होती. पोस्टच्या पाठोपाठ सासूबाईंची कमेंट यायची, "शहाणं गं माझं बाळ ते! सगळं संपवलं!" निधी ऑफिसात ती वाचून सुस्कारा सोडायची, आणि लगेच पाळणाघराला फोन लावायची, अनय खोकत तर नाहीये ना.

घोळ झाला तो तिच्या भावामुळे. अक्षत कंपनीच्या कामाने अचानक चेन्नईत उगवला. अनयला तिसरं लागलेलं, जावळ राहिलेलं, आणि जावळाला मामाची मांडी हवी.

"मामा आयता आलाय. उद्याच उरकून टाकू," विद्युलताबाईंनी फर्मान काढलं.

निधीने रजा टाकली. थर्मामीटर घेतला, जंतुनाशक घेतलं, दोन टोप्या घेतल्या. आवडीला सासूसासऱ्यांच्या क्वार्टर्समध्ये पोचेपर्यंत काय राहिलं, काय राहिलं, असं तिचं चाललं होतं. राहिलं होतं ते आठवलं मात्र नाही.

गुरुजी उशिरा आले, न्हावी मुरली त्याहून उशिरा. अनय मामाच्या मांडीवर टाहो फोडू लागला. निधी वस्तऱ्यावर डोळे रोखून उभी.

"पाती नवी आहे ना?"

"पुदु ब्लेड अम्मा, पुदु!" मुरलीने नव्या पातीचं वेष्टण पुन्हा एकदा नाचवून दाखवलं.

अर्धं डोकं गुळगुळीत, अर्ध्यावर कुरळी झुलपं, आणि सगळ्यांचे फोन टुणकन वाजले. निधीला आत्ता आठवलं, आजची पोस्ट थांबवायची राहिली होती.

तिचे सासरे वसंतराव पोस्ट नेहमी मोठ्याने वाचत. त्यांनी चष्मा चढवला. "'आजी, मी आत्ताच पालकाचं वरण आणि भात खाल्ला. आता पाळणाघरात गाढ झोपलोय.'" त्यांनी फोटोतली कुरळी झुलपं पाहिली, मग समोर पाहिलं, मग पुन्हा फोटोत.

"ताई," अक्षत म्हणाला, "हा गाढ झोपलाय, तर माझ्या मांडीवर कोण बोंबलतंय?"

निधीने डोळेच मिटले. आली बॅग.

फोन परत टुणकन वाजले. "'शहाणं गं माझं बाळ ते! सगळं...' अगं, हे तू कधी लिहिलंस?" वसंतराव बायकोला विचारत होते.

विद्युलताबाईंच्या दोन्ही हातांत जावळ झेलायला धरलेलं ताट होतं. त्यांचा फोन फ्रिजवर चार्जिंगला होता.

"निधी," ताट नवऱ्याच्या हातात कोंबत त्या म्हणाल्या, "आत ये जरा. पाणी तापलंय का बघू."

स्वयंपाकघराचं दार लागलं.

"ॲप?"

"हो, आई." निधी म्हणाली. "आणि तुमचं?"

"वरच्या मजल्यावर ती वाणी नावाची मुलगी आहे ना, तिने बसवून दिलंय. तुझी पोस्ट पडली की आपली आपण कमेंट. अगं, दुपारी शेजारच्या त्रिपुरसुंदरीकडे आमची रमी असते. हातात पानं असताना तुझी खिचडी कुठे न्याहाळत बसू?"

"मग ती अट? ती बॅग?"

"ती अलकनंदासाठी. आमची धाकटी जाऊबाई पुण्यात बसून विचारते, नातू पाळणाघरात आणि आजी घरात करते काय? आहे ना ती तुझ्या त्या खात्यावर! माझा जीव तुटतोय, हे तिला दिसायला नको? मी तुझ्याकडे येऊन राहिले तर इथे रमीला चौथी कोण बसणार?"

निधीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "पण आई, तो खरंच दुसरं काही खात नाही हो. नुसता दहीभात."

"खाऊ दे. क्षितिज शाळेत जाईपर्यंत साखर-पोळीवर होता. आता आडवा होऊन दारातून आत येतो."

"ताई!" बाहेरून अक्षत ओरडला. "मुरली विचारतोय, बाकीचं करायचं की एवढीच फॅशन ठेवायची?"

"थांबायला सांग त्याला!" विद्युलताबाई ओरडल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "बॅग नाही आणत मी. पण तुझ्या त्या ॲपवर माझं फेसबुक बसेल का? अलकनंदा उजाडायच्या आत श्लोक टाकते. माझा तिच्या आधी पडला पाहिजे. मला काही त्या वेळी जाग येत नाही."

"बसेल की." निधीने फोन काढलाच. "पण रोज एकाच ठोक्याला नको हं, आई. थोडं मागेपुढे करू. आणि अधूनमधून एखादा दिवस चुकवूच."

"तो कशाला?"

"खरं वाटायला."