उतरवलेल्या तारा

"नाय," आई म्हणाली, आणि मी गिटारची सगळ्यात जाड तार आणखी सैल केली.

"चहा टाकू?"

"नाय."

"मंजुळा मावशीकडे जाऊन येतेस?"

"नाय."

तार त्या 'नाय'च्या जवळ आली होती, पण अजून जराशी वर होती. मी खुंटी पुन्हा पिळली. आई माझ्याकडे पाठ करून करंदी, बारीक कोळंबी, सोलत होती. सून काय चाळे करतेय, हे तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आई म्हणजे माझी सासू, रुक्मिणी. माहुलच्या आमच्या घरात सासूला अगं-तुगं करतात. मी कांजूरमार्गची, मूळ मालवणकडची. मला ते जमायला वर्ष गेलं. आई घाटकोपरला मासळी विकते. तिची हाक बाजाराबाहेरच्या रिक्षावाल्यांना ऐकू जायची. मग गळ्यात गाठ झाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आम्ही सगळे सुटलो म्हणालो. आवाज मात्र परत आला तो भलत्याच कुणाचा तरी. जाड, खोल, घोगरा. फोनवर एका गिऱ्हाइकाने तिला "दादा, पापलेट आहे का?" म्हणून विचारलं. त्यानंतर तिने फोन घेणंच सोडलं. बाजारात बोटांनी भाव दाखवायला लागली.

रडली असती तर बरं झालं असतं. चिडली असती, दोन भांडी आपटली असती, तरी चाललं असतं. ती टोपली घेऊन जायची, यायची, जेवायची, झोपायची. हळूहळू घरच बधिर झालं. कृणाल, माझा नवरा, टीव्ही मोठ्याने लावायचा आणि बघायचा नाही. मीही कामावरून आले की भाजी चिरायचे आणि कुठली भाजी चिरली ते मला आठवायचं नाही.

त्यात आई धवलारीण. लग्नाला भटजी येतो, पण इथे हळद लागते ती धवलारणीच्या गाण्याने, धवल्याने. ती गात गात गावदेवीला, खाडीला, घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचं आमंत्रण देते. कोळीवाड्यातल्या कितीतरी पोरींना आईच्या धवल्यावर हळद लागली. आणि आता तिच्या स्वतःच्या पोरीचं, जान्हवीचं लग्न ठरलं होतं.

मंजुळा मावशी विचारायला आल्या. आईची लहानपणची मैत्रीण.

"रुक्मिणे, पोरीची हलद हाय गो. तू गाशील ना?"

"मोबायलवर लावा," आई म्हणाली.

"मोबायलवर?"

"सगलं मिलतं त्याच्यावर."

पंखा चालू राहू दे, असं सांगावं तशा आवाजात ती हे बोलली. जान्हवी आत जाऊन रडली. ते आईला ऐकू येत होतं, तरी करंदी सोलणारा तिचा हात थांबला नाही. मला त्या दिवशी तिची भीती वाटली, खरंच सांगते.

मी कॉलेजात गिटार शिकले होते. लग्नानंतर ती घेऊन आले तेव्हा आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून "यो वल्हा कनाला आनलंस गो?" असं विचारलं होतं. तो वल्हा मी माळ्यावरून काढला. आईच्या धवल्याची चाल पाठ नव्हती, पण कानात होती. कॉर्ड धरून वाजवायला घेतली, तर आईने हात झाडला.

"सिनेमा नको."

बरोबर होतं तिचं. ती चाल चार-पाच सुरांत फिरते. कॉर्ड बदलला की पाहुण्यांच्या घरात आल्यासारखी अवघडते. मग मला आमच्या सरांचं ओपन ट्यूनिंग आठवलं. तारा अशा उतरवायच्या की काहीही न दाबता छेडल्या तरी सगळ्या आपापसात जुळतात. डाव्या हाताला कामच राहत नाही. आता प्रश्न होता, उतरवायच्या किती? आई गात तर नव्हतीच. पण बोलत होती, दिवसभरात एकच शब्द. म्हणून मी तिला नको ते विचारत बसले आणि जाड तार तिच्या नकारावर आणून ठेवली. बाकीच्या तिच्याशी जुळवल्या.

इतक्या सैल तारा लाकडावर खडखडायला लागल्या. मी जाड तारा विकत आणल्या.

"एवढं खाली कुणासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"सासूसाठी."

तो हसला. मला हसू आलं नाही.

पुढे रोज दुपारी, सुट्टी असली की, मी तिच्या मागे बसून नुसत्या तारा छेडायचे. कधी एखादी तार किंचित वर, कधी खाली. एक सूर लागला की सगळं रडकं वाटायचं, तो काढून टाकला. एके दिवशी आईचा हात करंदीत थांबला. पाठ तशीच होती. तिने एक ओळ म्हटली. सूर तारांवर असा बसला की मी पुढची तार छेडायची विसरले.

"गड्यावानी वाटतं," ती म्हणाली.

"वाटू दे."

"हासतील."

"हसू देत गं. जान्हवीला तू हवी आहेस. मोबाइलचं तिने काय करायचं?"

तिने उरलेली करंदी सोलून संपवली. मग म्हणाली, "वाजव."

मला रडू फुटलं. तिला नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात बायका दाटीवाटीने बसल्या. जान्हवी पाटावर. मी आईच्या बाजूला गिटार घेऊन. दोन-चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण बोलल्या नाहीत. मी तारा छेडल्या. आईने गावदेवीला आमंत्रण दिलं. तो जाड, खोल आवाज मांडवभर गेला. कुणी हसलं नाही. जान्हवीने डोळे मिटले. झकास, जमलं, असं मी मनात म्हणाले.

ओळ संपली आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. धवला एकटीचा नसतो. धवलारणीने ओळ म्हणायची, बाकीच्या बायकांनी तीच उचलून परत द्यायची. घरात आम्ही दोघीच असायचो. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. आईला ठाऊक नसेल असं होणार नाही. ती बोलली नव्हती.

मंजुळा मावशींनी ओळ उचलली. आयुष्यभर त्यांनीच ती पहिली उचललेली. इतक्या खाली त्यांचा आवाज पोचेना, नुसती हवा आली. मागून कुणी वरच्या सुरात घेऊन पाहिली, ती फाटली. पोरं खिदळली. मग सगळ्याच गप्प झाल्या. वाट लागली. मोबाइलवरचा धवला लावायला कृणालने स्पीकरकडे हात नेलेला मी पाहिला. आता आई उठणार, आणि पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, अशी माझी खात्री झाली. मी तारांवर हात ठेवून त्या बंद करायला गेले.

आईने कृणालला पंजा दाखवून थांबवलं. मला मानेने खुणावलं, चालू ठेव. मग ती मंजुळा मावशींकडे बघत राहिली.

मावशींना कळलं. त्यांनी ओठांनी ओळ म्हटली. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आवाज न काढता. तेवढा वेळ मांडवात फक्त तारा वाजत होत्या. मावशींचे ओठ थांबले तशी आईने पुढची ओळ घेतली, खाडीची. पुन्हा थांबली. या वेळी मावशींच्या शेजारणीचेही ओठ हलले.

देव झाले, खाडी झाली, मग घरातली गेलेली माणसं आली. माझ्या सासऱ्यांचं, भिकाजींचं नाव आईने घेतलं, तेव्हा तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. ती थांबली. मांडवातल्या सगळ्या बायका ते नाव ओठांनी परत देत होत्या, आणि आई एकेकीच्या तोंडाकडे बघत शेवटचीचं होईपर्यंत थांबली होती.