तीस मीटरची लाल खूण

मी एक जुनी साखळी आहे, होडीच्या नांगराची. लांबी तीस मीटर, कड्या एक हजार दोनशे पन्नास, वजन बेचाळीस किलो. दर दहा मीटरवर लाल रंगाची एक, अशा तीन खुणा. गंजून पातळ झालेल्या कड्या अकरा. मित्रांनो, हे आकडे आधीच सांगते, कारण माझ्यावर जो आरोप झाला त्यात एकही आकडा नव्हता.

तापलेल्या सळईचे तुकडे वाकवून, टोके जोडून मला घडवले. एका होडीवाल्याने मला सोळा वर्षे वापरले. सात मीटर पाण्यात तो नांगर टाकी आणि तिसरी खूण येईपर्यंत मला सोडी. माझा बराचसा भाग तळाशी आडवा पडून राही. त्यामुळे होडीने कितीही हिसके दिले तरी नांगराला ओढ आडवी बसे आणि तो आणखी रुते. परतल्यावर तो मला गोड्या पाण्याने धुवायचा. "दमलीस ना बाई," म्हणायचा.

मग त्याची कंबर गेली आणि होडी मुलाकडे आली.

"बाबांची कंबर या लोढण्यानं मोडली," मुलगा म्हणाला.

मला हातांनी ओढून मोडली. ओढायला रहाट बसवा, असे त्याची धाकटी बहीण चार वर्षे सांगत होती. रहाट कोणी बसवला नाही, आणि गुन्हेगार मी!

त्याने साठ मीटर नवी दोरी आणली. दोरी चांगली होती. माझा राग तिच्यावर नाही.

"दादा, निदान दहा मीटर साखळी नांगराजवळ राहू दे. पुढे दोरी लाव," बहीण म्हणाली. होडीचे इंजिन तीच दुरुस्त करायची.

"तू तुझे पाने सांभाळ. नांगराचं मी बघतो."

"बघ बाबा. बघण्यात तू हुशारच आहेस."

त्याने धक्क्यावर मला पसरले, शेजारी दोरी ताणली आणि माझ्या तिन्ही खुणा जशाच्या तशा तिच्यावर रंगवल्या. मग मला होडीच्या पोटात टाकले, राखीव नांगराखाली. सोळा वर्षे जिने होडी धरली, ती आता होडीतली अडगळ.

एका दुपारी, नांगरलेल्या होडीत बहीण इंजिन उघडून बसलेली असताना वारा फिरला. मागे खडक होते. होडी घसरू लागली.

"दादा, दोरी किती सोडलीयस?"

"तीस. नेहमीसारखी."

"नेहमी साखळी असायची रे. दोरी हलकी. एवढ्या पाण्यात पन्नास तरी लागते, नाहीतर ती नांगर वर उचलते."

त्याने उरलेली दोरी भराभर सोडली. पण उखडलेला नांगर समुद्रगवताचा गोळा घेऊन नुसताच घसरत होता. इंजिनाचे तुकडे फडक्यावर मांडलेले. खडक चाळीस मीटरवर.

"लोढणं काढ," बहीण म्हणाली.

दोघांनी मला राखीव नांगराला जोडले आणि पाण्यात सोडले. पहिली खूण गेली, दुसरी गेली. त्याच्या तळहातांची साले निघाली. मला वाईट वाटले नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकायची तर खुशाल टाका. पण ती काय काम करत होती, ते आधी मोजा. तिच्या खुणा उतरवून घेतल्या म्हणजे तिचे काम उतरवले, असे होत नाही.

वारा पडल्यावर बहिणीने होडीच्या मागच्या टोकापासून खडकापर्यंतचे अंतर मोजले. चार मीटर दहा सेंटिमीटर.